नोंद म्हणजे नुसता फुलाचा फोटो नव्हे
वनस्पती पाहायला गटाने फिरताना फुलाचा एक चांगला फोटो मिळाला की नोंद झाली, असं तुम्ही म्हणता ते मला पटत नाही. फूल सगळ्यांनाच दिसतं. ओळख मात्र बऱ्याचदा पानांपाशी ठरते. पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक, देठाच्या बुडाशी उपपर्णं (छोटी पानासारखी जोडी) आहेत का, खालची बाजू लवदार आहे का, हे पाहायला गुडघे टेकून बसावंच लागतं. मागे एका रोपाला मी फुलावरून नाव देऊन मोकळी झाले होते. खोडाला बोटं लावली तर ते चौकोनी! शोध थेट तुळशीच्या कुळाकडे वळला.

तारीख, जागा, रोपांची संख्या, कळी-फूल-फळ यातली अवस्था, एवढं तिथल्या तिथे वहीत उतरवा. घरी जाऊन लिहू म्हटलं की राहतंच. गेल्या वर्षीचं रोप यंदा दिसलं नाही, तर तेही लिहा. ही 'नाही'ची नोंद फार मोलाची असते.

एक कळकळीची विनंती. दुर्मिळ ऑर्किडची नेमकी जागा जाहीर करू नका. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर धोक्यातल्या प्रजातींचं ठिकाण आपोआप धूसर केलं जातं, पण फोटोच्या मूळ फाइलमध्ये जीपीएसने टिपलेली जागा असू शकते आणि उपटून नेणारे तिथवर पोचतात. जमिनीत वाढणारी कितीतरी ऑर्किडं ठरावीक बुरशीच्या साथीनेच जगतात, कुंडीत ती बहुधा मरतातच.

आणि हो, निघण्याआधी बुटांचा चिखल तिथेच खरवडून टाका. तणांचं बी त्यातूनच पुढच्या माळावर जातं.