गझलेवरची टीका: एकाच प्रतिसादात बरोबर, चूक आणि बोचरे असे तिन्ही असेल तर काय करावे?

पिंपळपान:
नमस्कार. गेले वर्षभर मी गझल लिहिण्याचा प्रयत्न करीत आहे. मागील आठवड्यात एका गझलसमूहात मंजुघोषा वृत्तातील (गालगागा तीन वेळा; ‘गा’ म्हणजे गुरू अक्षर, ‘ल’ म्हणजे लघू) एक गझल ठेवली होती. मतला (गझलेचा पहिला, दोन ओळींचा शेर) आणि ज्यावरून वाद झाला तो शेर असा:

सांज झाली, दूर कोठे गाव आहे
या धुळीला आपलेसे नाव आहे

सोडुनी गेले तरी येतील फिरुनी
या घराच्या उंबऱ्याला जीव आहे

बारा-तेरा जणांनी ‘वाह’, ‘क्या बात’ असे लिहिले. त्यानंतर एका ज्येष्ठ सदस्यांचा प्रतिसाद आला: काफिया (यमक) गेला, ‘उंबऱ्याला’मध्ये मात्रा वाढली, आधी गझल म्हणजे काय ते शिका आणि मग लोकांचा वेळ घ्या. मी उत्तरादाखल त्या शेराचा अर्थ उलगडून सांगणारे लांबलचक टिपण लिहिले, त्यावर आणखी चार जण तुटून पडले आणि अखेर मी गझलच काढून टाकली. अशा प्रतिसादाचे काय करावे, हा माझा पहिला प्रश्न आहे. दुसरा असा, की आता त्याच समूहात माझ्याहून नवे लोक मला अभिप्राय विचारू लागले आहेत. त्यांना मी तरी काय आणि कसे सांगावे?

रातराणी:
त्या प्रतिसादात तीन वेगवेगळी विधाने आहेत आणि तुम्ही ती एकच समजून झिडकारली, असे मला वाटते. एकेक पाहू.

काफियाबद्दलचा आक्षेप बरोबर आहे. मतल्यात ‘गाव’ आणि ‘नाव’ घेतल्यामुळे ‘व’च्या आधीचा ‘आ’ ही तुमची अलामत, म्हणजे काफियात कायम राहणारा स्वर, ठरली. पुढच्या प्रत्येक शेरात ती सांभाळावीच लागते. ‘जीव’मध्ये तेथे ‘ई’ येते. रदीफ, म्हणजे काफियानंतर तसाच पुन्हा येणारा शब्द ‘आहे’, जागच्या जागी असल्यामुळे वाचताना हे चटकन खटकत नाही, पण मोठ्याने म्हणून पाहिल्यास कान अडखळतो.

मात्रेबद्दलचा आक्षेप मात्र चुकीचा आहे. जोडाक्षरामागचे अक्षर गुरू होते ते आघातामुळे, आणि ‘ऱ्या’चा आघात मागच्या अक्षरावर येत नाही. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन शब्द उच्चारून पाहा: पहिल्यातला ‘द’ गुरू आहे, दुसऱ्यातला लघू. ‘तुझ्या’, ‘पुन्हा’ यांतही पहिले अक्षर लघूच राहते. म्हणजे ‘उंबऱ्याला’तला ‘ब’ लघूच राहतो आणि तो शब्द बरोबर गालगागा आहे. ‘फिरुनी’तील ‘फिरु’ या दोन लघूंचा तुम्ही एक गुरू केला आहे, ती सूट सर्रास घेतली जाते.

उरले ‘आधी शिका’. त्यात शिकण्यासारखे काहीच नाही, तेव्हा ते तेथेच सोडून द्यावे.

कोरडा_ओढा:
मी बहुधा त्या ज्येष्ठांच्याच जातकुळीतला आहे, म्हणून त्यांची बाजू थोडी मांडतो. अलामत म्हणजे काय हे दर आठवड्याला नव्या माणसाला नव्याने सांगायचे, त्याने त्यावर ‘भावना पोहोचल्या ना, मग झाले’ असे म्हणायचे, आणि खाली दहा जणांनी फुलांची चित्रे टाकायची, हे काही वर्षे केल्यावर माणूस तुसडा होतो. तुसडेपणाचे समर्थन मी करीत नाही. परंतु ज्या तेरा जणांनी ‘वाह’ लिहिले, त्यांच्यापैकी काहींना तरी काफिया चुकल्याचे दिसले असणारच, आणि त्यांनी ते गिळले. माझ्या लेखी तुमचे अधिक नुकसान त्यांनी केले.

आणखी एक. इस्लाहची, म्हणजे उस्तादाने रचना दुरुस्त करून देण्याची, परंपरा जुनी आहे, पण तिच्यात उस्ताद आणि शागीर्द यांचे नाते आधी जुळलेले असे. गालिब आपले शागीर्द मुन्शी हरगोपाल तफ्ता यांच्या रचनांवरील दुरुस्त्या पत्रांतून कळवीत. ते पत्र वाचणारा एकच होता आणि सल्ला त्यानेच मागितलेला होता. आपण तेच काम भर चौकात, न मागता, अनोळखी माणसावर करतो आणि मग त्याला राग का येतो म्हणून नवल करतो. मी अलीकडे तंत्राची चूक खासगी निरोपात कळवतो आणि आवडलेला शेर सर्वांसमोर, कारणासह, नोंदवतो.

रातराणी:
पूर्ण सहमत नाही. खासगीत सांगितले तर तीच चूक करणाऱ्या इतर पाच जणांना काहीच कळत नाही. ओळ, अक्षर आणि कारण यांच्यावर बोट ठेवले, माणसावर ठेवले नाही, तर उघडपणे बोलण्यात काही गैर नाही.

सांजवारा:
पिंपळपान, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल. नव्या माणसाची ओळ चुकली की आपण लगेच पर्यायी मिसरा (शेराची एक ओळ) लिहून देतो. मीही देत असे. एकदा एका मुलीने माझा मिसरा जसाच्या तसा घेतला, शेराला दाद मिळाली, आणि त्यानंतर तिने समूहात काहीच ठेवले नाही. विचारले तेव्हा म्हणाली, ‘तो शेर माझा राहिलाच नाही.’ तेव्हापासून मी कोठे अडखळले तेवढेच सांगतो आणि मिसरा मागितल्याशिवाय देत नाही.

घेण्याबद्दल एवढेच, की प्रतिसादात शेराचा अर्थ समजावून सांगू नये. तो अर्थ शेरातून पोहोचला नसेल तर टिपणातून पोहोचल्याने शेर सुधारत नाही. पोहोचला असेल तर टिपण कशाला? शिवाय येथे आक्षेप अर्थावर नव्हताच.

पिंपळपान:
सर्वांचे मनापासून आभार. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ मोठ्याने म्हणून पाहिले आणि पटले. काफियाचा दोष मान्य करून मिसरा असा बदलला आहे:

सोडुनी गेले तरी येतील फिरुनी
उंबऱ्याला पावलांचा ठाव आहे

त्या ज्येष्ठांना खासगी निरोप पाठवून काफियाबद्दल आभार मानले आणि ‘उंबऱ्याला’बद्दलचे कारणही लिहिले. अजून उत्तर नाही. खरे सांगायचे तर ‘उंबऱ्याला जीव आहे’ ही ओळ सोडताना अजूनही जीवावर येते.

कोरडा_ओढा:
मग सोडू नका, बाजूला ठेवा. जाणीव, उणीव, कोरीव, शीव, कीव: एवढे काफिये तर बसल्या जागी आठवले. त्या ओळीसाठी नवा मतला लिहा. ‘ठाव’ चांगला जमला आहे, मात्र मतल्यातले ‘आपलेसे’ मला भरीचे वाटते; का ते हवे असल्यास विचारा.