सोड्याला आंबट तेल लागतं

'सोडा टाकला की कुठलंही तेल सुटतं, मग महागडं सर्फॅक्टंट (साबणासारखं रसायन) कशाला?' हे तेलविहिरीत खडकात अडकलेलं कच्चं तेल काढण्याबद्दल कुणीतरी लिहिलंय, ते अर्धंच बरोबर आहे. सोडा स्वतः तेल सोडवत नाही. कच्च्या तेलात मुळातच असलेल्या नॅप्थेनिक नावाच्या आम्लांशी जुळून तो तिथल्या तिथे साबण बनवतो. तेलात आम्लच नसेल तर नुसता सोडा फुकट. आमच्या शिवोलीच्या घरी हे बघितलंय. घाण्यावरच्या ताज्या खोबरेलात धुण्याच्या सोड्याचं पाणी घालून बाटली हलवली, पाच मिनिटांत तेल वर, पाणी खाली. समईसाठी ठेवलेलं खवट तेल घेतलं तर दुधासारखं पांढरं झालं आणि दुसऱ्या दिवशीही तसंच. खवटपणा म्हणजे सुटी झालेली आम्लंच. (बाटली आईच्या लोणच्याची होती, त्यावर बोलणी खाल्ली ती वेगळी.)

आणि पाण्याचं कुणीच बोललं नाही. आमची विहीर खाडीजवळ, एप्रिल-मेत पाणी मचूळ होतं आणि साबणाला फेस येत नाही, नुसता चिकट साका. कॅल्शियम-मॅग्नेशियम साबण खातात. तेलविहिरीत सोडा सोडायचा तर आधी पाणी मृदू करावं लागतं ते यासाठीच, नाहीतर कार्बोनेटचा थर धरतो. चीनमधल्या दाचिंग तेलक्षेत्रात कॉस्टिक सोड्याने (हा फार तीव्र) खडकातली सिलिका विरघळून पंपांत थर बसले, म्हणून पुढे तिथे धुण्याचा सौम्य सोडा वापरू लागले. सर्फॅक्टंट तरीही लागतंच: तेल-पाण्याच्या सीमेवरचा पृष्ठताण साधारण २०-३० मिलिन्यूटन प्रति मीटरवरून ०.००१ च्या आसपास आणायचा असतो. सोड्याने एवढं होतं की खडक सर्फॅक्टंट कमी शोषतो, म्हणून कमी सर्फॅक्टंट पुरतं.