फौजी लोकांचे केस इतके बारीक का? आणि पेन्शनीत निघाल्यावरही तसेच का?

डिचोलीकार
गोव्यात दाबोळी, वास्को, बांबोळी या पट्ट्यात साध्या कपड्यातला माणूसही नौदलाचा किंवा लष्कराचा असल्याचं पाठीमागून कळतं. कानामागे मशीन मारलेलं, मान साफ. कारण विचारलं की दोनच उत्तरं येतात, 'शिस्त' आणि 'उवा'. दोन्ही नीट पटत नाहीत. उवांसाठी म्हणाल तर आता शँपू सगळीकडे मिळतो. शिस्तीसाठी म्हणाल तर त्याच नौदलात भरगच्च दाढी चालते. पेन्शनवाल्यांवर तर कुणाचंच बंधन नाही. मग खरं कारण काय? आणि हाच कट साध्या सलूनात मागितला की डोक्यावर वाटी पालथी घालून कापल्यासारखा का होतो?

मुरगांव_धक्को
डिचोलीकारबाब, मुळात प्रश्न केसांच्या लांबीचा नाही, मोकळ्या केसांचा आहे. शीख जवान केस कापतच नाहीत, पण ते जुड्यात बांधलेले, पगडीखाली. महिला अधिकाऱ्यांचा अंबाडा कॉलरच्या वर घट्ट बसवलेला. दोन्हीकडे एकही बट लोंबत नाही. बाकीच्यांना रोज पहाटे बांधत बसण्यापेक्षा कापून टाकणं सोपं, एवढंच.

लोंबणारी बट कुठे नडते ते जहाजावर कळतं. आग लागली की धुरात शिरणारा पाठीवर हवेचं सिलिंडर घेतो आणि तोंडावर मास्क चढवतो. मास्कची रबरी कड कपाळ, कानशिलं आणि हनुवटीखाली कातडीलाच टेकावी लागते. कपाळावरचे चार केस कडेखाली अडकले तरी तिथून हवा निसटते आणि सिलिंडर अपेक्षेआधी संपतं. गाळणीच्या साध्या गॅस मास्कमध्ये तर उलटंच, श्वास ओढला की बाहेरचा वायू त्या फटीतून आत. म्हणून पट्टे आवळण्याआधी केस हाताने मागे सारायचे, मग गाळणीचं तोंड तळहाताने बंद करून श्वास ओढून बघायचा. मास्क गालांना चिकटून राहिला तर ठीक, सैल पडला तर पुन्हा पहिल्यापासून. डोक्यावर केसच बोटभर असतील तर ही निम्मी कटकट वाचते.

हे दुखणं पहिल्या महायुद्धातलं. २२ एप्रिल १९१५ ला बेल्जियममधल्या ईप्रजवळ जर्मनांनी क्लोरीन सोडला आणि त्यानंतर मास्क हा सैनिकाच्या अंगावरचा नेहमीचा जिन्नस झाला. गंमत म्हणजे ब्रिटिश सैन्यात तोवर वरच्या ओठावर मिशी ठेवण्याची सक्ती होती. ती ऑक्टोबर १९१६ मध्ये उठली.

दाढीने मास्कची कड केसांपेक्षाही जास्त बिघडते, तुमची शंका रास्त आहे. नौदलातली दाढी ही दर्यावर्दी रूढी. तिलाही परवानगी लागते. लष्करात शीख सोडून इतरांना दाढी सहसा नाही. हवाई दलाबद्दल डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की केस कापायला किंवा दाढी करायला ज्या धर्मात मनाई आहे त्यांनाच सूट, इतरांना धर्माच्या नावावर नाही. सगळ्या नियमांत एकच तर्क शोधू नका, सापडणार नाही.

फोंड्याचो_कंपाउंडर
उवांचं उत्तर अर्धं बरोबर, अर्धं चूक. लोक दोन वेगळ्या उवा एक समजतात.

डोक्यातली ऊ केसात राहते. ती लीख केसाला कातडीपासून साधारण ६ मिलिमीटरच्या आत चिकटवते आणि ती लीख आठ-दहा दिवसांत फुटते. म्हणजे मशीनला १ नंबरचं गार्ड (पात्यावर बसणारा कंगवा) लावून ३ मिलिमीटर ठेवले तर काही लिखा केसांबरोबर खाली पडतात. ४ नंबर लावून १३ मिलिमीटर ठेवले तर लिखा शाबूत. नुसतं 'बारीक' म्हणून भागत नाही. पण ही ऊ खाज देते, साथ पसरवत नाही.

टायफस हा साथीचा ताप पसरवते ती अंगावरची ऊ. फ्रेंच डॉक्टर शार्ल निकोल यांनी १९०९ मध्ये ट्युनिसला ते दाखवून दिलं आणि त्यासाठी त्यांना १९२८ चं नोबेल मिळालं. ही ऊ केसात नाही, कपड्यांच्या शिवणीत राहते आणि रक्त प्यायला तेवढी अंगावर येते. खंदकातला 'ट्रेंच फीव्हर' तिचाच. डोकं तुळतुळीत केलं तरी तिला फरक पडत नाही. तिच्यावर उपाय कपडे बदलणं, उकळणं, शिवणींवरून कडक इस्त्री फिरवणं. खंदकातले सैनिक शिवणींवरून मेणबत्तीची ज्योत फिरवत ती यासाठीच. तेव्हा 'टायफसमुळे केस कापायला लागले' असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर मान डोलवू नका.

आजच्या घडीला पटण्यासारखी आरोग्याची कारणं दोन. डोक्याची जखम भळाभळा वाहते, पण दाट केसात नेमकं तोंड सापडत नाही. बारीक केसात ती बोटाने चाचपून लगेच मिळते आणि पट्टीही नीट बसते. दुसरं म्हणजे आपल्याकडचा घाम. जून ते सप्टेंबर हेल्मेटखालचे दाट केस दिवसभर वाळतच नाहीत. मग कोंडा, पुळ्या, मानेवर गजकर्ण.

साळगांवचो_म्हालो
वाटी का होते ते सांगतो. एकच गार्ड घेऊन कानावरून सरळ वर नेलं की वाटी होणारच. डोकं मागे जिथे बाहेर फुगतं, तिथे मशीन कातडीपासून सुटायला हवी. पोरं ती डोक्याच्या वळणाबरोबर वर वळवतात.

केस कोरडे ठेवा. ओले केस लांब दिसतात, वाळल्यावर वर सरकतात. आधी ३ नंबर (१० मिलिमीटर) मानेपासून त्या फुगवट्यापर्यंत, चारी बाजूंनी. मग २ नंबर (६ मिलिमीटर) कानाच्या वरच्या टोकाच्या रेषेपर्यंत. मग १ नंबर फक्त कानाभोवती आणि मानेवर दोन बोटं. दोन गार्डांच्या मध्ये उरलेली रेघ कंगव्यावर मशीन धरून पुसायची, घाई इथेच दिसते. वर कात्रीने ३ ते ४ सेंटिमीटर. त्याहून जास्त ठेवले तर बेरे टोपी फुगून वर उचलते आणि तिचा पट्टा भुवयांच्या वर इंचभर सरळ बसत नाही. भोवऱ्याजवळ मात्र सेंटिमीटरभर जास्त ठेवा, नाहीतर ते केस काट्यासारखे उभे राहतात. कल्ले कानाच्या मध्यापर्यंत, खाली आडवे कापलेले.

मानेवर चौकोनी रेघ मारू नका. चार दिवसांत तिच्याखाली खुंट दिसायला लागतात, उतरता ठेवलेला केस दहा दिवस तरतो. मानेवर वस्तराही नको. घामात ते केस कातडीत उलटे वळतात आणि पुळ्या येतात. गार्ड काढून नुसती मशीन फिरवा. पातं तापलं की थांबा, तेलाचा थेंब टाका, पुढच्या गिऱ्हाइकाआधी स्पिरिटने पुसा.

डिचोलीकार
देव बरें करूं, सगळ्यांचे. वाटीचं कोडं सुटलं. पण पेन्शनीतल्यांचं राहिलं.

सावईवेरेंकार
त्याचं उत्तर म्हालोबाबच्याच आकड्यांत आहे. डोक्याचा केस महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतो. वरचे ४ सेंटिमीटर पंधरा दिवसांत साडेचार होतात, कुणाला कळत नाही. बाजूचे ३ मिलिमीटर तेवढ्याच दिवसांत ८ होतात, म्हणजे दुपटीहून जास्त. त्यामुळे हा कट घेतलेल्या माणसाला पंधरवड्याला खुर्चीत बसावंच लागतं. पंधरा-वीस वर्षं हा फेरा पाळला की कानावर केस टेकले तरी चुरचुरतं. त्यात जवान पेन्शनीत निघतो तो बहुधा चाळिशीच्या आसपास, मग पुढची नोकरी बंदरात, विमानतळावर किंवा बँकेच्या दारात सुरक्षेची. तिथेही तोच कट मागतात. आणि टाळू विरळ व्हायला लागली की बारीक केसच बरे दिसतात, हे फौजी नसलेल्यांनाही लागू. नियम मात्र कसलाच नाही. मुद्दाम शेंडी वाढवून फिरणारे निवृत्तही आहेत.

बाकी 'सैनिक म्हणजे बारीक केस' हे सनातन वगैरे नाही. ब्रिटिश सैनिक चरबी आणि पिठाने थापलेली वेणी पाठीवर वागवत होते, ती १८०८ मध्ये बंद झाली.

साळगांवचो_म्हालो
एक राहिलं. १९ डिसेंबरच्या (गोवा मुक्ती दिन) किंवा २६ जानेवारीच्या परेडसाठी कुणी कट घेणार असेल तर आदल्या संध्याकाळी येऊ नका, तीन-चार दिवस आधी या. केसांखालची कातडी उन्हाने रापलेली नसते. ताजा कट घेतला की कानामागून मानेपर्यंत पांढरा पट्टा दिसतो, आणि मैदानात दोन तास उभं राहिल्यावर तोच पट्टा लाल होऊन सोलतो.