साथीच्या रोगावरचे हॉरर पिच्चर: भीती रोगाची का रोग्याची?

बालाघाटकर:
काल पोरांसंगं झॉम्बीचा पिच्चर बघायलो होतो, एकाला चावलं की दुसरा तसाच, अन मग गोळ्या घालून मोकळे. नाही बघवलं. १९९४ ला बीड जिल्ह्यात मामल्याला प्लेग निघाला तवा मी पाचवीत, आमचं गाव तिथून जवळच. आदल्या वर्षी किल्लारीचा भूकंप झालेला, भीतीनं लोक बाहेर झोपायचे, आत धान्याची पोती, मग उंदरांची चंगळ. अन एक दिवस माळवदातनं तेच उंदीर टपाटपा पडायला लागले, मरायला लागले. फवारणी झाली, टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल वाटल्या, म्हणजे रोगाला औषध होतं. पण लातूरला मावशीकडं गेलो तर तिनं आईला ओसरीखालीच उभं केलं, वरून ओंजळीत पाणी ओतलं अन आमच्यादेखत तांब्या उकिरड्यावर फेकला. आई धडधाकट होती हो! रोगी म्हणजे राक्षस, हेच हे पिच्चर शिकवायलेत.

गोदाकाठ:
दादा, आईचं वाचून लई वाईट वाटलं, पण राग चुकीच्या जागी काढायलात. मावशीनं कुठं झॉम्बी बघितले होते? अमेरिकेत ऱ्होड आयलंडला १८९२ मध्ये मर्सी ब्राऊन नावाची पोरगी टीबीनं गेली, आई अन बहीण आधीच गेलेल्या, भाऊ आजारी, तर लोकांनी तिला रक्तपिशाच्च ठरवून कबर उकरली, काळीज जाळून राख भावाला पाजली. तोही गेलाच. टीबीचा जंतू तर जर्मन डॉक्टर कॉखनं १८८२ लाच शोधलेला. भीती आधीची आहे, पिच्चर फक्त ती दाखवतो. १९२२ चा रक्तपिशाच्चाचा मूक पिच्चर नोस्फेराटू बघा, जहाजातनं उंदीर उतरतात, गावात प्लेग, अन घाबरलेले लोक एका वेड्याच्या मागं लागतात. तिथं दिग्दर्शक गर्दीच्या बाजूनं नाहीये.

परभणीची लेक:
मला दोघांचंही अर्धंच पटलं. मी नर्स आहे. आपल्याकडं पटकी आली की मरीआईचा गाडा वेशीबाहेर नेऊन सोडायचे, म्हणजे साथ ही देवी, रोगी नव्हे, किती बरं ना? पण गाडा सोडायचा कुठं, तर पुढच्या गावाच्या शिवेत! त्या गावाची भीती कुणी सांगितली का कधी? मला तशी गोष्ट पाहिजे, ज्यात आपण शिवेच्या पलीकडं उभे आहोत.

बालाघाटकर:
ताई, हे लागलं मनाला. गोदाकाठ, नोस्फेराटू बघतो. पण ते गोळ्या घालायचे पिच्चर पोरांना नाही दाखवणार, त्यांच्या आज्जीला अजून मावशीकडं जायचं म्हटलं की घरनं पाण्याची बाटली संगं लागती.