पहिली जोडी क्रिबची घ्या

दोन फुटी माशांच्या टाकीत पहिल्याच वेळी जर्मन ब्लू रॅम हा मासा ठेवू का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत, नको. रॅमला २८ अंशांच्या आसपास ऊबदार, मऊ (कमी क्षारांचं) आणि मुरलेलं पाणी लागतं; नव्या टाकीत तो टिकत नाही. त्याऐवजी क्रिबेन्सिस, म्हणजेच क्रिब घ्या. मूळचा नायजेरिया-कॅमेरूनकडचा हा मासा थोडं जड (जास्त क्षारांचं) पाणीही सहज चालवून घेतो.

पाच-सहा पिल्लं आणा, जोडी त्यांची ती जमवू द्या. जमली की बाकीचे मासे काढा, नाहीतर मार खाऊन मरतात. नारळाची करवंटी उकळून, कडेला बोट जाईल एवढं भोक पाडून पालथी ठेवा. मादीचं पोट जांभळट-लाल झालं आणि ती नरासमोर अंग वाकवून थरथरू लागली की समजा, अंडी येणार. त्यानंतर ती करवंटीबाहेर फारशी दिसत नाही. काळजीपोटी करवंटी उचलून बघू नका, जोडी अंडी खाऊन टाकते! साधारण आठवड्याभराने पिल्लांचा घोळका घेऊन ती बाहेर येते. तेव्हा पिल्लांना खायला ताजं उबवलेलं आर्टेमिया (कोळंबीसारखे बारीक जीव) तयार हवं.

आणि हो, पाणी फार आम्लधर्मी असेल तर पिल्लांत नरच जास्त निघतात. सामू (pH) ७ च्या जवळ ठेवा.