छातीत दुखणे: ट्रेडमिलऐवजी थेट सीटी अँजिओग्राफी का?

मृद्गंध: आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. माझ्या यजमानांना (वय ५६) चढ चढताना छातीत दडपल्यासारखे होते. येथील डॉक्टरांनी ट्रेडमिल चाचणी (पट्ट्यावर चालवून ईसीजी पाहणे) न करता थेट हृदयाची सीटी अँजिओग्राफी (शिरेतून रंगद्रव्य देऊन हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा स्कॅन) लिहून दिली आहे. पुण्यातले नात्यातील डॉक्टर मात्र आधी ट्रेडमिल करा म्हणतात. एवढ्या महागड्या तपासणीचा खर्चाच्या मानाने खरोखर उपयोग होतो का?

आडवाटेचा_वैद्य: उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या २०१६ मधील सुधारित मार्गदर्शनानुसार, लक्षणे अंजायनासारखी (हृदयाला रक्त कमी पडल्याने छातीत दुखणे) असतील तर ६४ स्लाइस (एका फेरीत ६४ काप टिपणाऱ्या) किंवा त्याहून वरच्या यंत्रावरील सीटी हीच पहिली तपासणी आहे. ट्रेडमिलमध्ये रक्तवाहिनी दिसत नाही. सीटीत वाहिनीच्या भिंतीतला, अजून अडथळा न झालेला चरबीचा थरही दिसतो. ‘स्कॉट-हार्ट’ या स्कॉटलंडमधील ४,१४६ रुग्णांच्या अभ्यासात पाच वर्षांत हृदयविकाराने मृत्यू किंवा झटका येण्याचे प्रमाण सीटी झालेल्या गटात २.३ टक्के, तर इतरांत ३.९ टक्के होते. कॅथेटरच्या (रक्तवाहिनीतून हृदयापर्यंत नळी घालून केलेल्या) अँजिओग्राफी मात्र दोन्ही गटांत जवळपास सारख्याच झाल्या. फरक पडला तो बहुधा स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध) आणि ॲस्पिरिन योग्य माणसांना वेळेवर सुरू झाल्यामुळे.

तागडी: एक दुरुस्ती सुचवतो. त्या अभ्यासात सीटी ट्रेडमिलच्या जागी नव्हे, तर नेहमीच्या तपासण्यांच्या जोडीला केली होती. ट्रेडमिलसारख्या ताण-चाचण्यांशी थेट तुलना उत्तर अमेरिकेतील ‘प्रॉमिस’ अभ्यासाने केली (१०,००३ रुग्ण, २०१५), आणि सुमारे दोन वर्षांच्या पाठपुराव्यात रुग्णांच्या परिणामांत फरक आढळला नाही. म्हणजे सीटी सरसकट सरस ठरत नाही; खर्च वसूल होतो तो आजाराची शक्यता मध्यम असलेल्या रुग्णांत. ज्याचा आजार जवळजवळ उघड आहे, त्याला कॅथेटरच्या अँजिओग्राफीसाठी कॅथ लॅबमध्ये जावेच लागते आणि पैसे दोनदा पडतात; पंचविशीतल्या तरुणाच्या टोचणाऱ्या दुखण्यासाठी तर तो निव्वळ अपव्यय आहे.

आडवाटेचा_वैद्य: दुरुस्ती मान्य. मृद्गंधताई, अद्ययावत यंत्राचाच आग्रह मात्र धरू नका. ‘नाइस’ने २०१२ मध्ये नव्या पिढीच्या स्कॅनरची शिफारस केली ती जुन्या यंत्रावर चित्र नीट न येणाऱ्या रुग्णांसाठी: ठोके जलद किंवा अनियमित असणारे, स्थूल, कॅल्शियम फार साचलेले, स्टेंट किंवा बायपास झालेले. यजमानांना यातले काही नसेल तर साधे ६४ स्लाइसचे यंत्र पुरते. त्यांचे क्रिएटिनीन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि आधीची कॉन्ट्रास्टची (स्कॅनसाठी देतात त्या रंगद्रव्याची) ॲलर्जी असल्यास ती डॉक्टरांना आधी सांगा. नाडी जलद असेल तर तपासणीपूर्वी ती मंद करणारी गोळी देतात.