मदत हवी आहे: दिवाळी कार्डांवर ठशांची नक्षी, शाई फुटते आणि ठसा अर्धाच उठतो

नमस्कार मंडळी,

यंदा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे दिवे पुढे ढकलण्याऐवजी हाताने केलेली कार्डं टपालाने पाठवायची असं घरात ठरलंय. चाळीसेक लागतील. दर्शनी बाजूला फिक्या रंगात ठशांची भरगच्च नक्षी आणि मधोमध एक कोरी पट्टी, तिथे 'शुभ दीपावली'. वडिलांचं अक्षर सुंदर आहे, त्यामुळे लिहायचं काम त्यांच्याकडे.

ठसे म्हणाल तर कापडावर छपाई करायचे दोन लाकडी ठसे आहेत, तळहाताएवढे. एकावर कोयरी, दुसऱ्यावर बारीक जाळी. पणती, कंदील आणि गोपद्म मी खोडरबरावर कोरलेत. शिवाय लेकीच्या हट्टापायी भेंडी! कागद दोन प्रकारचा: पुण्यात शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतला जाडसर हातकागद आणि दुकानातली २५० जीएसएमची गुळगुळीत, चकचकीत कार्डशीट.

आता अडचणी. घरातल्या साध्या, ऑफिसात वापरतात त्या स्टॅम्प पॅडची शाई हातकागदावर फुटते. गोपद्माच्या दोन खुरांमध्ये बारीक फट ठेवली आहे, ती बघता बघता भरून जाते आणि खाली उरतो तो नुसता जांभळा डाग. लाकडी ठशाच्या कडा गडद उठतात, मधे पांढरं राहतं. अ‍ॅक्रिलिक लावून पाहिलं तर जाळीची भोकं बुजतात. आणि चकचकीत शीटवर शाई वाळतच नाही, दुसऱ्या दिवशीही बोटाला लागते.

कुणी केलंय का असं? 'छापखान्यातून छापून आणा' हा सल्ला घरातून मिळालेला आहे, तेवढा सोडून काहीही सांगा.

प्रतिसाद

ताई, तुमचे ठसे चांगलेच असणार, घोळ शाई आणि कागदाच्या जोडीचा आहे. ऑफिसच्या पॅडची शाई पातळ असते, ती कागदात मुरते. हातकागदाला खळ कमी असली की ती तंतूंच्या वाटेने पसरत जाते. त्यावर पिगमेंट शाईचं पॅड वापरा. तिच्यातले रंगाचे कण बरेचसे वरच बसतात, म्हणून रेघ रेखीव राहते. क्राफ्टच्या सामानाच्या दुकानात नेमकं 'पिगमेंट' म्हणून मागा, नाहीतर डाय शाईचं, म्हणजे तशाच पातळ मुरणाऱ्या शाईचं, पॅड हातात देतील.

चकचकीत शीटचं उलटं आहे. तिच्यावर लेप असतो, पाण्यातली शाई आत शिरायला जागाच नसते. ती शीट बाजूला ठेवा आणि चित्रकलेच्या परीक्षांना वापरतो तो कार्ट्रिज पेपर जाड बघून घ्या. डाय शाई त्यावर झटकन वाळते.

आणखी एक प्रतिसाद

लाकडी ठशाबद्दल. कापड छापणाऱ्यांच्या टेबलावर जाड कापडाचे थर असतात, त्यामुळे ठसा खाली दबतो आणि सगळीकडे टेकतो. आपण कडक टेबलावर दाबत बसतो! जुनी चादर दुमडून खाली घाला. तरी मधे पांढरं राहिलं तर ठसा उताणा ठेवा, स्पंजने रंगाचा पातळ थर थोपटून लावा, वर कागद ठेवून चमच्याच्या पाठीने चोळा. मोठ्या ठशाला मला हीच रीत आवडते, दाब कुठे कमी पडतोय ते बोटांना कळतं.

ठशावर पट्टी आडवी धरून उजेडाकडे बघा. मधून उजेड दिसला तर लाकूड वाकलंय. काचेवर पॉलिश पेपर पालथा नाही, खरखरीत बाजू वर करून पसरा आणि त्यावर ठसा हलकेच घासा. जाळीचा ठसा अधूनमधून जुन्या टूथब्रशने धुवा, अ‍ॅक्रिलिक एकदा वाळलं की निघता निघत नाही.

भेंडी जून घ्या. कापून, कापलेली बाजू खाली करून वर्तमानपत्रावर थोडा वेळ ठेवा, नाहीतर बुळबुळीत रसाने रंग पातळ होतो आणि पाच पाकळ्यांचं फूल उठत नाही.

धागाकर्ती

दोघांचेही आभार! पिगमेंट पॅड आणलं. गोपद्माची फट आता स्पष्ट दिसतेय. जाळी उताणी ठेवून चोळली, तीही मस्त उठली. भेंडी सगळ्यांत भाव खाऊन गेली.

अजून दोन शंका. पट्टी कोरी ठेवायला चिकटपट्टी लावली तर काढताना हातकागदाचे तंतू उपटून येतात. आणि जाड कार्ट्रिज घडीवर चिरतो.

प्रतिसाद

चिकटपट्टी आधी दोनतीनदा ओढणीला लावून काढा, तिचा चिकटपणा मरतो. हातकागदावर मात्र मी नुसती कागदाची पट्टी ठेवून बोटाने दाबून धरते.

घडीचं म्हणाल तर यंत्रावरच्या कागदाचे तंतू बहुतेक एकाच दिशेला असतात. ताव न दुमडता दोन्ही बाजूंनी हलकाच वाकवून बघा. ज्या बाजूने मुकाट्याने वाकतो, घडी त्याच दिशेने पाडा. त्याआधी शाई संपलेल्या बॉलपेनने पट्टी धरून रेघ ओढायची. मात्र ठसे घडी घालण्याआधीच उठवा, आणि पिगमेंट शाई पूर्ण वाळल्याशिवाय वडिलांच्या हातात कार्ड देऊ नका, हेअर ड्रायर लांबून फिरवला तर चालतो.